सिगारेट तोंडात, दुखणं पायात

पाय दुखायला लागला तेव्हा मी आधी चपला बदलल्या.

मी केरीचा, पेडणे तालुक्यातला. केरीहून तेरेखोलला जी फेरीबोट जाते, तिच्यावर खलाशी आहे. गाड्या आत घ्यायच्या, नीट लावायच्या, साखळी ओढायची, पलीकडे लागलो की दोर टाकायचा. सगळं उभ्याचं काम. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. तळपाय दुखला तर त्यात विशेष काही आहे असं कुणाला वाटणार? घरातून धक्क्यावर चालत जाताना डाव्या तळव्यात कळ यायची, आतून कुणीतरी मूठ आवळल्यासारखी. थांबलो की जायची, चाललो की पुन्हा यायची. वाटेत थांबायचं तर काहीतरी निमित्त हवं, म्हणून मी लोकांच्या पोरसात वाकून काय काय लावलंय ते बघत उभा राहायचो. शेजारीपाजारी समजले, दत्तारामाला भाजीपाल्याचा नाद लागला.

नव्या चपलांनी काही झालं नाही. मग मऊ बूट घेतले. मग तेल लावलं. बोटीवर इंजिन सांभाळणारा बाबल माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "वात तो. माझ्या बापायक असोच होतो." एकानं पाठीच्या मणक्याचं सांगितलं, एक्स-रे काढला तर मणका ठीक. साखरेची शंका आली म्हणून रक्त तपासलं, साखर चांगली निघाली. मला आनंद झाला, आणि लगेच गोंधळही. साखर नाही, मणका नाही, वाताच्या तेलानं गुण नाही. मग आहे काय?

थंडीत डाव्या पायाची बोटं गार पडू लागली. उजवा पाय अंगासारखा उबदार आणि डावा रात्रभर पाण्यात ठेवल्यासारखा. माझी बायको संगीता एकदा सकाळी चहाचा कप ठेवताना माझ्या पायाला हात लागून दचकली. म्हणाली, "ह्यो पाय तुमचो नाय. दुसऱ्या कोणाचो तरी दिसता."

मी हसलो. पण नंतर एकटाच बसून दोन्ही पायांना हात लावून बघत राहिलो.

पुढे बोटीची साखळी निसटून त्याच पायावर पडली. अंगठ्याशेजारच्या बोटाला लहानशी जखम झाली. अशा जखमा आमच्या धंद्यात नेहमीच्या. ही मात्र भरेना. मलम लावलं, पट्टी बांधली, खाऱ्या पाण्यापासून जपली. ती तशीच, आणि आता आराम करतानाही ठणकायची.

निदान

जखम बघून गावच्या दवाखान्यातून आम्हाला मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. संगीता बरोबर होती. डॉक्टर बाई माझ्याहून वयानं लहान. त्यांनी पायाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली. मग घोट्याच्या मागे ठेवली. मग दुसऱ्या पायावर. मला वाटलं जखम बघायची सोडून ह्या चाचपतायत काय. नंतर कळलं, त्या नाडी शोधत होत्या आणि ती त्यांना सापडत नव्हती.

"सिगारेट ओढता, दत्ताराम बाब?"

मला वाटलं वास आला असेल. म्हटलं, "ओढतो. पण छातीचं काय नाय, मॅडम. मी पायासाठी आलोय."

"मी पण पायासाठीच विचारतेय."

बोटीवर माझ्या सिगारेटी फेऱ्यांशी बांधलेल्या होत्या. पलीकडे लागलो, गाड्या उतरल्या की एक. परत आलो की एक. सकाळी उठल्यावरची, जेवणानंतरची वेगळी. हे सगळं मी सांगायच्या आत संगीतानंच सांगितलं.

त्यांनी पुढे तपासण्या करून घेतल्या आणि मग समजावलं. पायाला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या सुजून बंद पडत चालल्या होत्या. तंबाखू ओढणाऱ्या, फार वय नसलेल्या माणसांना होणारा आजार. नाव लांबलचक परदेशी. मी दोनदा विचारलं आणि घरी पोचेपर्यंत विसरलो. जखमेला, दुखण्याला औषधं होती. पण पाय वाचवायचा तर उपाय एकच, सिगारेट बंद.

"कमी केली तर?"

"नाही."

"दिवसाची एक? जेवल्यावर?"

"एकसुद्धा नाही. बिडी नाही, तंबाखू चघळायची नाही, तपकीर नाही."

माझ्या डोक्यात ते बसेना. सिगारेट ओढतो तोंडानं, धूर जातो छातीत आणि खराब होतो पाय? माझे वडील मरेपर्यंत बिडी ओढायचे, शेवटपर्यंत माडावर चढत होते. मी हे डॉक्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुणाला होतो, कुणाला होत नाही. असं का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. तुम्हाला झालाय एवढं मात्र नक्की."

बाहेर आल्यावर संगीतानं विचारलं, "म्हणजे पाय कापतले?"

"तसां खंय बोलली ती?"

"मग काय बोलली?"

आम्ही दोघांनी एकाच खोलीत बसून ऐकलं होतं, आणि दोघांनाही सांगता येत नव्हतं. म्हापशाच्या स्टँडवर ती पाणी आणायला गेली. मी जरा शांतपणे विचार करावा म्हणून बाजूला जाऊन सिगारेट पेटवली. सिगारेट कशी सोडायची याचा विचार. अर्धी संपल्यावर मला कळलं मी काय करतोय. तरी उरलेली अर्धी टाकवली नाही.

ज्याचं त्याचं मत

गावात कळल्यावर जो तो काही सांगू लागला. कुणी म्हणालं, धूरच वाईट ना, मग तंबाखू गालात धर. बाबलचा चुलतभाऊ हरमलला असतो, त्याच्याकडे विजेवर चालणारी, वाफ काढणारी सिगारेट होती. ती आपल्या देशात विकायला बंदी आहे हे तोच सांगत होता आणि ओढून बघ असंही तोच सांगत होता. कुणीतरी औषधी पानांची बिडी आणून दिली. आईनं देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं. घरी येऊन म्हणाली, "तुझ्या बापायन जन्मभर ओढली. दाक्तर काय सगळांच सांगतत."

आईचं बोलणं मला बरं वाटलं. तेच वाईट झालं. मला कोणीतरी असं म्हणायला हवंच होतं.

तरी मी सोडून बघितली. असंच, एका सकाळी, मनाशी ठरवून. पाकीट नदीत फेकलं. दुपारपर्यंत डोकं जड झालं. हातांना काय करू कळेना. एका गाडीला मागे घे म्हणायचं तर पुढे ये म्हणालो. ती समोरच्या मोटरसायकलला टेकता टेकता राहिली. गाडीतले पर्यटक खाली उतरून ओरडले, "लक्ष कुठाय तुझं?" मलाही तेच विचारायचं होतं. लक्ष कुठे गेलं? मी तिथेच उभा होतो, सगळं दिसत होतं, पण कापसातून बघितल्यासारखं. संध्याकाळी मी बाबलकडून एक मागून घेतली आणि डोकं लख्ख झालं. तेव्हा मला खात्री पटली, आपल्याला हे जमणारं नाही. काही माणसांना जमतं, आपण त्यातले नव्हे.

बोटाचा रंग बदलत गेला. आधी निळसर, मग जखमेच्या कडेनं काळा. डॉक्टर बाईंनी या वेळी घरी पाठवलं नाही.

वॉर्डात

इस्पितळातला दिवस फार लवकर सुरू होतो आणि मग संपतच नाही. सकाळी चहा, पाव. सिस्टर येऊन ताप बघायची. मग ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या ट्रॉलीचं एक चाक करकरायचं, तो आवाज लांबून आला तरी मी पाय चादरीत ओढून घ्यायचो. मग मोठे डॉक्टर, त्यांच्यामागे शिकणारे. माझ्या पायाकडे बोट दाखवून ते एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे आणि मी त्यांच्या चेहऱ्यांवरून अर्थ लावत बसायचो. एखादा हसला की वाटायचं, चांगलं असणार.

बाजूच्या खाटेवर मारुती होता. चंदगडकडचा, बांधकामावर सेंट्रिंग करायला गोव्यात आलेला. त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला होता, आणि आता दुसऱ्या पायाचं बोट काळं पडलं होतं. माझाच आजार.

ओळख झाली त्या दुपारी तो माझ्याकडे सरकून हळूच म्हणाला, "माचिस हाय का?"

मला आधी कळलंच नाही. त्यानं उशीच्या खोळीतून बिडी अर्धवट बाहेर काढून दाखवली.

या ठिकाणी मी लिहायला हवं की मला त्याची कीव आली, किंवा धडकी भरली. तसं झालं नाही. मला त्याचा हेवा वाटला, त्याच्याकडे बिडी होती म्हणून. त्याचा कापलेला पाय माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी त्या बिडीकडे बघत होतो. मला स्वतःचंच काही समजेना.

"नाही," मी म्हणालो. खरंच नव्हती. असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही.

त्यानं बिडी परत ठेवली. थोड्या वेळानं म्हणाला, "मला कुणी सांगितलं न्हाई असं न्हाई. सगळ्यांनी सांगितलं. सोड, सोड. कसं सोडायचं ते इचारलं की समदे म्हणत्यात, मनावर घे. मी घेतलं की मनावर. मन काय दगड हाय व्हय?"

माझं ते बोट काढावं लागलं. अंगठ्याशेजारचं. बाकीचा पाय राहिला. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता थांबवता येईल, पण तुम्ही थांबलात तर. मला ते गेलेलं बोट खाजायचं. खाजवायला हात जायचा आणि तिथे पट्टीशिवाय काही नसायचं.

व्हरांड्याच्या टोकाची खोली

मला उठून चालता येऊ लागल्यावर त्यांनी एका खोलीत पाठवलं. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीची खोली. मला वाटलं इथे बोलणी बसणार. आत एक समुपदेशक बाई होत्या, टेबलावर पाण्याची बाटली आणि अर्धं खाल्लेलं केळं. त्यांनी आधी बसायला सांगितलं. मग विचारलं, "दिवसातली कुठली सिगारेट सोडायला सगळ्यात कठीण वाटते?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. सगळे किती ते विचारायचे. मी विचार करून म्हणालो, "तेरेखोलच्या धक्क्याला लागलो की पहिली."

"त्या वेळी काय करत असता?"

"काहीच नाही. म्हणून तर ओढतो."

त्या बाईंनी मला पर्याय सांगितले. मला पर्याय असतात हेच माहीत नव्हतं. मला वाटायचं एक तर ओढायची किंवा दात दाबून राहायचं. त्यांनी सांगितलं की चघळायच्या गोळ्या असतात, अंगावर चिकटवायच्या पट्ट्या असतात, तलफ कमी करणाऱ्या औषधी गोळ्या असतात. इथे येऊन बोलता येतं, घरच्यांना आणता येतं, आणि फोनवर मदत मिळते, आपल्या भाषेत, फुकट.

मी म्हटलं, "मग ती चघळायची द्या."

त्यांनी डॉक्टर बाईंना विचारलं आणि परत येऊन त्या मला नाही म्हणाल्या. पुष्कळांना त्या चघळायच्या गोळ्यांचा, पट्ट्यांचा चांगला उपयोग होतो. पण त्यांत निकोटिन असतं, आणि माझ्या आजारात नळ्या आवळणारं तेच. म्हणून मला नको. मी पुन्हा गोंधळलो. सिगारेट सोडवणारं औषध दुसऱ्याला चालतं आणि मला विष? त्या म्हणाल्या, "म्हणून तर कुणाचं ऐकून आपल्या मनानं घ्यायचं नाही. तुमच्यासाठी दुसरी गोळी आहे."

ती गोळी डॉक्टरांनी सुरू केली. पहिले दिवस मळमळायचं, आणि स्वप्नं पडायची, रंगीत, नाटकातल्यासारखी. एकदा स्वप्नात मी पूर्ण पाकीट ओढलं आणि सकाळी उठून खरंच ओढलं असं समजून घाबरलो. सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "झोपला होतात तुम्ही, घोरत." पण हळूहळू तलफेची धार कमी झाली. ती यायची, दारात उभी राहायची आणि मग जायची. आधी ती सरळ आत शिरायची.

मी त्या बाईंना मारुतीविषयी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या त्याच्या खाटेजवळ बसून बोलताना दिसल्या. तो मान खाली घालून ऐकत होता. त्यानंतर त्याला दुसऱ्या वॉर्डात नेलं. पुढे त्याचं काय झालं, त्यानं सोडली की नाही, दुसरा पाय राहिला की नाही, मला कळलं नाही. विचारायला हवं होतं. तेव्हा मी माझ्यातच होतो.

घरी

लोकांना वाटतं, घरी आलो म्हणजे सुटलो. खरं अवघड तिथेच होतं.

संगीता मला सांभाळत होती. पट्टी बदलायची, कोमट पाण्यानं पाय पुसायची, पेज करून द्यायची. आणि माझे खिसे बघायची. मी पोरसातून आलो की अंगाचा वास घ्यायची. मी न्हाणीघरात जरा वेळ लावला की दाराशी येऊन हाक मारायची. तिचं चुकत नव्हतं. माझंही चुकत नव्हतं, कारण मी ओढत नव्हतो. इतके दिवस ओढली तेव्हा तिनं कधी खिसे बघितले नाहीत, आणि आता सोडली तर चोरासारखी झडती.

एका सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकून मी पाव घ्यायला रस्त्यावर गेलो. पोदेर बिडी ओढत होता. परत आलो तेव्हा संगीतानं माझ्या शर्टाला नाक लावलं आणि तिचा चेहरा पडला.

"ओढली."

"नाय गो. पोदेर ओढी होतो."

"दरवेळी कोणतरी दुसरोच ओढता."

माझा तोल गेला. पेजेची वाटी उचलून मी भिंतीवर मारली. असा मी नव्हतो. बोटीवर लोक शिव्या घालतात तरी मी आवाज चढवत नाही. आता चहात साखर कमी पडली तरी डोळ्यांत पाणी यायचं. हा राग सिगारेट सोडल्याचा, पायाचा, की माझा स्वतःचा, मला ओळखता येत नव्हतं.

संगीतानं भिंत पुसली. मग पिशवी भरली आणि माहेरी डिचोलीला निघून गेली. जाताना म्हणाली, "माका काय करूचां ता कळना नाय. विचारलां तर तुमी रागावतास. नाय विचारलां तर माका वाटता, मीच पाय कापूक देतंय."

दुपारी मी धक्क्यावर गेलो. अजून कामावर रुजू झालो नव्हतो, नुसता बसायला गेलो. बोट लागली, गाड्या उतरल्या, बाबल वर आला आणि त्यानं सिगारेट पेटवली. मी हात पुढे केला. त्यानं माझ्याकडे बघितलं. "दत्ता, नाका रे." मी हात तसाच ठेवला. त्यानं दिली.

तिला काही चव नव्हती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या दिवसांची तहान, आणि तोंडात नुसती राख. तरी मी ती शेवटपर्यंत ओढली. संध्याकाळी पाय ठणकू लागला. सिगारेटमुळे ठणकतोय की भीतीनं, तेही कळेना. वाटलं, संपलं. एक ओढली म्हणजे सगळी मेहनत वाया. मग आता सगळीच ओढावी, निदान हा गोंधळ तरी थांबेल.

इस्पितळातल्या बाईंनी फोनवरच्या मदतीचा नंबर दिला होता. मी तो लावला, लाजत लाजत, माडाच्या मागे उभा राहून. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, मराठीत. मी म्हणालो, "मी सोडली होती. आज ओढली." आणि ओरडा बसेल म्हणून वाट बघितली.

त्या म्हणाल्या, "बरं झालं फोन केलात. ओढायच्या आधी काय झालं होतं?"

मी पोदेरापासून सगळं सांगितलं. वाटी, भिंत, पिशवी, सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "एक ओढलीत, म्हणजे तुम्ही पुन्हा ओढणारे झालात असं नाही. पुढची ओढू नका, एवढंच आता बघायचं. उद्या डॉक्टरांना सांगा. आणि बायकोला कोण सांगणार?"

"मीच."

"मग ती तुमचे खिसे का तपासेल?"

डिचोली

सकाळी बस धरून मी डिचोलीला गेलो. बाजारातून सासुरवाडीपर्यंत थोडंच अंतर, मी मधे दोनदा थांबलो. सासूबाईंनी चहा ठेवला आणि काही न विचारता आत गेल्या. संगीता मागच्या दारी कोकमं वाळत घालत होती.

मी उभ्याउभ्याच म्हणालो, "काल ओढली. बाबलाकडून घेतली. एक."

तिनं वर बघितलं. हातातलं कोकम खाली ठेवलं. मग म्हणाली, "तलफ येता ता आधी कित्याक सांगूक नाय?"

"तू विचारी होतस म्हणून."

हे उत्तर बरोबर होतं की मूर्खपणाचं, मला माहीत नाही. पण ती हसली, आणि हसता हसता रडली. मीही. सासूबाई खिडकीतून बघून परत आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं त्या व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत जाऊन बसलो. ठरलं ते असं. ती विचारणार नाही, मी आपणहून सांगणार. तलफ आली तरी सांगणार, ओढली तरी सांगणार. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवसांत मी इतक्या वेळा "आता येतेय" म्हणून सांगितलं की ती म्हणाली, "बरां, येवंदे. तोपर्यंत ह्यो नारळ सोलून देया."

डॉक्टर बाई त्या एका सिगारेटीवरून रागावल्या नाहीत. त्यांनी गोळी चालू ठेवली. बाबलनं स्वतःहून सांगितलं की मी जवळ असेन तेव्हा तो इंजिनाच्या बाजूला ओढणार नाही. त्यानं सोडलेली नाही. मी त्याला सांगत नाही. मला "सोड" म्हणणारे पुष्कळ होते, त्यांत मला भर घालायची नाही. त्यानं एकदा विचारलं, ती गोळी कुठे मिळते. मी म्हटलं, चल, मी येतो बरोबर. अजून आलेला नाही.

ज्यांच्या घरी असं कुणी सोडायच्या प्रयत्नात आहे त्यांना एवढंच सांगतो. एकट्यानं दात दाबून बसणं हा एक पर्याय आहे, एकमेव नाही. डॉक्टरांना विचारा, तुम्हाला कुठलं औषध चालेल आणि कुठलं नाही. फोन लावा, लाज वाटली तरी लावा. आणि डोकं कापसात गेलं, हसू येतं तिथे रडू आलं, तर वेड लागलं असं समजू नका. मी समजलो होतो. ते हळूहळू ओसरतं. केव्हा ओसरलं ते मला सांगता येणार नाही, कारण ज्या दिवशी ओसरलं त्या दिवशी मला कळलंच नाही.

तेरेखोल

मी परत बोटीवर कामाला लागलो तेव्हा पावसाळा संपत आला होता. तेरेखोलच्या धक्क्याला बोट लागली, गाड्या उतरल्या, आणि पुढचा तो मोकळा वेळ आला. मी दोर आवळला, सोडला, पुन्हा आवळला. पर्यटकांना किल्ल्याची वाट दाखवली. वेळ गेला. पुढच्या फेरीलाही तसंच. एवढंच.

गेल्या महिन्यात संगीता जेवणाचा डबा घेऊन धक्क्यावर आली. माझी पाळी संपली होती. ती म्हणाली, "इतकी वर्सां लोकांक पलीकडे नेवन सोडतास. तुमी कधी वर गेलास?"

मी कधीच किल्ल्यावर गेलो नव्हतो. लहानपणी शाळेतून गेलो असेन, आठवत नाही. आम्ही पलीकडे उतरलो आणि चढाला लागलो. मी हळू चालत होतो. डावा पाय बूट घातल्यावर आता जरा वेगळा पडतो, त्याची सवय झालीय. अर्ध्यावर गेल्यावर मी थांबलो.

संगीता लगेच थांबली. "दुखता?"

"थांब. बघूया."

मी उभा राहिलो. कधीपासून चालताना थांबलो की एकच कारण असायचं, म्हणून मी कळेची वाट बघत होतो. तळव्यात मूठ आवळली जाते का, पोटरी ताठते का. खाली नदी समुद्राला मिळत होती. संगीता माझ्या पायाकडे बघत होती, मीही. तिला पुन्हा विचारावंसं वाटत होतं, पण ठरल्याप्रमाणे ती मी सांगायची वाट बघत होती.

छाती वरखाली होत होती. कपाळावर घाम होता. पायात काही नव्हतं.

"दुखना नाय," मी म्हणालो. मला ते नीट सांगता येईना, शब्दच सापडेना. मग सापडला. "दमलंय फक्त."

"फक्त दमलास?"

"होय गो. माणसां दमतत तसां."

ती खाली दगडावर बसली आणि तिनं मला शेजारी बसवलं. थोडा दम खाऊन आम्ही वर गेलो.